प्रवचनाचा तागा आणि कटपीस



सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टने प्रवचने ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवावीत, अशी सूचना तरुण मंडळींनी केली आहे. त्यावर मत देण्यापूर्वी, हे कार्य दीर्घकाळ करीत आलेल्या ख्रिस्ती समाजाचा अनुभव आपणांपुढे ठेवतो. मी कापडाचा व्यापारी. दुसऱ्या पेढीची रीत पाहून शिकण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये चार्ल्स स्पर्जन नावाचे विख्यात बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होऊन गेले. १८५५ पासून त्यांचे एक प्रवचन दर आठवड्यास छापून एका पेनीला विकले जाई. रविवारी लघुलेखक ते टिपून घेत. सोमवारी स्पर्जन स्वतः शब्दन्‌शब्द तपासून दुरुस्ती करीत आणि मगच ते छापखान्यात जाई. १८९२ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी शिल्लक प्रवचनांचे प्रकाशन १९१७ पर्यंत चालू राहिले. एकूण ६३ खंड झाले. (६३ म्हणताच आपणांस शलाकापुरुष आठवतील, तो निव्वळ योगायोग!) आज ही प्रवचने इंटरनेटवर कोणासही विनामूल्य वाचता येतात.

पुढे रेडिओ आला. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील उपासना केडीकेए केंद्राने प्रक्षेपित केली. भाविकांचे चित्त विचलित होऊ नये म्हणून दोघे तंत्रज्ञ गायकवृंदाचे झगे घालून बसले होते. त्यांतील एक ज्यू आणि दुसरा कॅथलिक होता, असे सांगतात.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे इंग्लंडमधील चर्चची दारे बंद झाली. त्या वर्षी १२ एप्रिलच्या ईस्टरला कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी आपल्या निवासस्थानाच्या स्वयंपाकघरात आयपॅडवर उपासना मुद्रित केली. परंतु मला अधिक मोलाची वाटते ती त्याच महिन्यातील दुसरी योजना. इंटरनेट न वापरणाऱ्या वृद्धांसाठी तेथे विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू झाली. क्रमांक फिरवावा आणि घरबसल्या स्तोत्रे, प्रार्थना ऐकाव्यात. आपल्याही समाजात उपाश्रयाच्या पायऱ्या चढू न शकणाऱ्या किती माताजी आहेत!

आता धोक्याची बाजू. थेट प्रक्षेपणात स्पर्जन यांचा तो सोमवार उरलेला नाही. शिवाय प्रवचनाचे तुकडे फिरतात. आमच्या धंद्यात अखंड ताग्याच्या किनारीवर गिरणीचे नाव असते. कटपीस हाती आला की माल कोणत्या गिरणीचा, हे सांगणे कठीण. पाऊण तासाच्या प्रवचनातील पाऊण मिनिटाचा तुकडा तसाच असतो. प्रवचनकार आधी पूर्वपक्ष मांडतात, नंतर त्याचे खंडन करतात. कोणी पूर्वपक्षच कापून पाठविला, तर महाराजसाहेबांच्या मुखी नेमके उलटे मत जाते. चर्चच्या उपदेशकांनाही हा त्रास चुकलेला नाही. परंतु स्याद्वाद मानणाऱ्या आपणांस तो अधिक जाचेल, कारण आपल्या प्रत्येक विधानास अपेक्षा जोडलेली असते आणि कात्री प्रथम तिच्यावरच चालते.

कायद्याचे एक कलमही पाहावे. अमेरिकेत उपासनेच्या वेळी चर्चमध्ये स्तोत्र गाण्यास परवाना लागत नाही. मात्र तेच स्वामित्वहक्कातील गीत इंटरनेटवरून प्रसारित करावयाचे झाल्यास परवाना घ्यावा लागतो. कायदा तेथील असला तरी, चित्रपटगीतांच्या चालींवर स्तवने गाण्याची हौस असलेल्या आपल्या मंडळांनी आपल्या वकिलांचा सल्ला आधीच घ्यावा.

आपल्यापुढे आणखी एक प्रश्न आहे, जो चर्चपुढे नव्हता. विजेच्या वापरात तेजस्कायिक जीवांची विराधना होते म्हणून अनेक साधू-साध्वीजी आजही ध्वनिवर्धक वापरीत नाहीत. त्यांच्या प्रवचनाचे मुद्रण कोणी खिशातील मोबाईलवर गुपचूप करणे, हा माझ्या मते सरळ अदत्तादानाचा प्रकार आहे. ज्यांची अनुज्ञा नाही, त्यांचे प्रवचन श्रावकांनी वहीत टिपावे. ज्यांची आहे, त्यांचे प्रवचन संपूर्ण ठेवावे, तारीख आणि स्थळ यांसह. आणि दोन जाणत्या श्रावकांनी आठवडाभरात ते ऐकून संमती दिल्यावरच. आठ दिवस उशीर झाला तर होऊ द्या.

दूरध्वनी सेवेचा खर्च किती येईल, याची चौकशी मी करून देतो. पहिल्या वर्षाचा भार माझ्या पेढीकडे लिहावा, अशी विश्वस्तांस विनंती आहे.

जय जिनेंद्र!