अंतर्गळ, जाळी आणि शस्त्रवैद्याचा हात



नाशिक रोडच्या मालधक्क्यावर पोती वाहणाऱ्या हमालाला एके दिवशी जांघेत गाठ दिसते. खोकला की ती वर येते, आडवे झाले की आत जाते. घरी बसलेल्या पेन्शनरालाही ती होते. हाच अंतर्गळ, म्हणजे हर्निया. शस्त्रक्रियेने तो बरा होतो. पण 'डॉक्टर, फिरून तर येणार नाही ना?' हा प्रश्न आम्हां शस्त्रवैद्यांना ऐकावा लागतो आणि तो रास्त आहे.

पूर्वी दुबळ्या भिंतीच्या कडा ओढून शिवीत. जीर्ण धोतर ताणून शिवले की शिवणीपाशीच फाटते, तसेच इथेही होई. १९५८ साली अमेरिकेतील अशर यांनी प्लॅस्टिकच्या धाग्यांची जाळी वापरल्याचे प्रसिद्ध केले. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढतात आणि ताण न देता भिंत बळकट होते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तीन लहान छिद्रांतून हीच जाळी भिंतीच्या आतल्या बाजूस पसरतात. बंधाऱ्याला पाण्याच्या अंगाने लावलेले अस्तर पाण्याच्या दाबानेच भिंतीला चिकटून राहते, तसा पोटाचा दाब जाळीला जागी धरतो. मात्र जाळी ऐसपैस हवी. सुमारे दहा बाय पंधरा सेंटिमीटर. ती लहान पडली, दुमडली किंवा आतली चरबीची गाठ नजरेतून सुटली, की अंतर्गळ फिरून येतो.

म्हणून अनुभव महत्त्वाचा. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या १४ रुग्णालयांतील निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत दुर्बिणीनंतर शेकडा दहांना, तर उघड्या शस्त्रक्रियेनंतर शेकडा पाचांना अंतर्गळ पुन्हा झाला. पण अडीचशेहून अधिक दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया केलेल्यांच्या हाती हे प्रमाण पाचांखाली होते. यंत्र तेच, हात निराळे.

जाळी महाग, ही गरिबांची दुसरी अडचण. तिला उत्तर आपल्याच खानदेशात शोधले गेले. धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि त्यांचे सहकारी यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून उघड्या शस्त्रक्रियेत वापरले व २००३ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकालाच अंतर्गळ पुन्हा झाला, महागड्या जाळीच्या गटात कोणालाच नाही. अर्थात हे काम शास्त्रशुद्ध निर्जंतुकीकरणाचे. घरच्या मच्छरदाणीचे नव्हे.

तेव्हा दवाखान्यात जाल तेव्हा जाळीची किंमत मागाहून विचारा. आधी विचारा, की अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या? दोन्ही बाजूंना अंतर्गळ असेल, किंवा उघड्या शस्त्रक्रियेनंतर तो फिरून आला असेल, तर दुर्बिणीचा मार्ग बहुधा सोयीचा. आणि गाठ आत जाईना, दुखू लागली, उलट्या झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा. एवढे ध्यानी ठेवलेत, तर आमचे आजचे बोलणे सार्थकी लागले.