गावाजवळचे विद्यालय

(सांताक्रूझ येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या सांताक्रूझमध्ये दोन विद्यापीठांची आवारे आहेत. पूर्वेस कालिन्याला मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी आणि पश्चिमेस जुहू मार्गावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे आवार. आपली मुलेमुली आज तेथे शिकतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु मी आज बोलणार आहे ते त्या आवारांपर्यंत न पोहोचलेल्या मुलांविषयी, आणि ज्या गावांतून आपण येथे आलो त्या गावांविषयी.

आपणांपैकी पुष्कळांचे मूळ घर रत्नागिरी, सिंधुदुर्ग वा रायगड जिल्ह्यात आहे. त्या मुलुखाचा संसार अनेक पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मनीऑर्डर आटली, तरी माणसे गावी परतली नाहीत. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे १६ लाख ९६ हजार माणसे होती. २०११ च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही लोकसंख्या त्याच दशकात घटली. आणि विपरीत असे की, आंब्याच्या बागा राखावयास नेपाळहून माणसे येतात व त्याच गावचा तरुण मुंबईत परक्याच्या इमारतीचे फाटक राखतो! तेव्हा गावात काम नाही, एवढेच म्हणून भागणार नाही. काम आहे, पण त्यातून मानाची मिळकत काढण्याची विद्या तेथे मिळत नाही.

अशी विद्या देणाऱ्या संस्थांचा विचार इतरत्र फार पूर्वी झालेला आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये लोकांच्या दाराशी असणाऱ्या, अल्प खर्चाच्या, दोन वर्षांच्या महाविद्यालयांचा पुरस्कार केला. परिसरात कोणते उद्योग आहेत हे पाहून तेथील अभ्यासक्रम ठरावेत आणि नोकरी करणाऱ्या प्रौढांनाही तेथे शिकता यावे, ही त्यामागील कल्पना होय. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये ‘समुदाय महाविद्यालय’ या नावाने अशीच योजना काढली. परंतु महाराष्ट्रात या विचाराचे खरे बीज त्याच्या तीस वर्षे आधी पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी रुजले होते.

हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील मोठी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये पाबळला येऊन राहिले व तेथे त्यांनी विज्ञान आश्रम उभारला. शाळेत नापास झालेला मुलगा बुद्धीने मंद असतो, हे त्यांना मान्य नव्हते; हाताने काम करीत शिकण्याची संधी त्याला मिळालेली नसते, एवढेच. तेथील एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात मुले लोखंडाची जोडणी, सुतारकाम, बांधकाम, विजेची जोडणी, रोपवाटिका, जनावरांची निगा व अन्नप्रक्रिया अशी नाना कामे शिकतात. महत्त्वाची गोष्ट ही की, ही कामे नुसत्या सरावाची नसतात. गावकऱ्याला हवी असलेली वस्तू वा सेवा विद्यार्थी मोल घेऊन पुरवितात; त्यामुळे चूक झाली तर ती गिऱ्हाइकाच्या दारात दिसते. जमिनीचा विद्युत्-रोध मोजून विहिरीसाठी पाण्याची जागा शोधण्याचे तंत्रही पाबळच्या तरुणांनी शिकून घेतले. पाण्यासाठी व्याकूळ झालेल्या मुलुखात अशा तरुणाचे मोल काय, हे मी सांगावयास नको.

कोकणाची गरज निराळी आहे. दापोलीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती दिल्या. ‘वेंगुर्ला ४’ आणि ‘वेंगुर्ला ७’ ही नावे कोकणातील बागाईतदाराच्या तोंडी असतात. ज्ञान जिल्ह्यातच आहे. ते वाडीपर्यंत नेणारी पायरी तेवढी हवी. काजूची कलमे बांधणे हे हाताचे कौशल्य आहे, पदवीचे नव्हे. ज्या कुटुंबाला बी विकून टाकण्याऐवजी गर काढून, वाळवून, प्रत लावून विकता येईल, त्याच्या पदरात अधिक पडेल. होडीचे यंत्र, पाण्याचा पंप, सौर दिवा यांची दुरुस्ती करणारा माणूसही प्रत्येक पंचक्रोशीस लागतोच.

येथे आपल्या मनात एक शंका उठेल, आणि ती उठलीच पाहिजे. बाबासाहेबांनी सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालये काढली ती काय आमच्या मुलांनी सुतारकाम शिकावे म्हणून? वरच्यांसाठी विद्यापीठ आणि आमच्यासाठी हत्यारे, अशी वाटणी कोणी करू लागला तर तिला एका शब्दात नकार द्या. चातुर्वर्ण्याने हेच केले होते. परंतु हेही ध्यानात ठेवा की, १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी केवळ कला व कायद्याच्या पदव्या मागितल्या नाहीत. विज्ञान व तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणावर त्यांनी भर दिला. म्हणून गावाजवळच्या विद्यालयाची माझी कसोटी अशी: तेथील प्रमाणपत्रावर मुलाला पुढे पदविका व पदवीला जाता येते की नाही? वाट जर तेथेच संपत असेल, तर ते विद्यालय नव्हे, कोंडवाडा आहे. आणि तेथे आपल्या मुलीला यंत्रशाळेत घेतात की शिवणकामाच्या खोलीत बसवितात, हेही पाहून घ्या.

दुसरी गोष्ट जमिनीची. कलमे बांधावयास शिकलेला तरुण ती लावणार कोठे? खोती नष्ट व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला आणि महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली. तरीही आपल्या पुष्कळ घरांची जमीन आज सामाईक आहे. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, वारस पंधरा, त्यांतील चार मुंबईत, दोन कोठे आहेत ते कोणास ठाऊक नाही. अशा उताऱ्यावर कर्ज मिळविणे कठीण, आणि कर्जावाचून ना रोपवाटिका उभी राहते, ना काजूचा लहान कारखाना. नुसत्या शिक्षणाने मुलूख सुधारतो, असे सांगणारे हा भाग वगळतात. शिकलेला तरुण मग पुन्हा मुंबईचीच गाडी पकडतो.

आपल्या गावांची मुंबई मंडळे आहेत. वर्गणी काढून त्यांनी गावोगाव समाजमंदिरे व विहार उभारले, त्यांत पंचशील घुमते. हे कार्य थोर आहे. आता त्याच मंडळांनी एक काम हाती घ्यावे. मे महिन्यात गावी जाल तेव्हा तलाठ्याकडून सातबारा काढा, वारसांची यादी करा, येथे परतल्यावर सर्व भावकी एका खोलीत बसवा आणि वारसनोंदी व वाटणीचा कागद तयार करा. बहिणींची नावे त्यातून गाळू नका. वाडीत शाळा सोडून बसलेली मुलेमुली किती, याचीही मोजदाद करा. हे दोन कागद तयार झाले की जवळच्या महाविद्यालयात वा तंत्रनिकेतनात जाऊन प्राचार्यांना विचारता येईल: आमच्याकडे इतकी मुले आहेत, इतके गुंठे जमीन आहे, आपण काय शिकवाल?