पडदा ओढणाऱ्याची उमेदवारी



मघाशी शाळेतल्या पोरांची नाटिका संपली, तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी विंगेकडे बघत होतो. काळे शर्ट घातलेली दोन पोरं अंधारात पाटलाचा अख्खा वाडा उचलून नेत होती. अनवाणी! ब्लॅकआउटमध्ये चप्पल वाजते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसणार. (खिळ्याचं भय आहे, पोरांनो. मऊ रबरी तळाचे बूट घाला.)

माझं आयुष्य असंच विंगेत गेलं. नट संध्याकाळी येतात, आमचा टेम्पो दुपारीच थेटराच्या मागच्या दाराला लागतो. फ्लॅट, म्हणजे देखाव्याच्या भिंती, उभे करायचे, मागून टेकूचे ब्रेस लावायचे, लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा चौथरा, डगमगते का ते तिच्यावर चढून, उड्या मारून बघायचं. अंधारात सोफा नेमका कुठं ठेवायचा त्याच्या खुणा जमिनीवर चिकटपट्टीनं करायच्या. प्रयोग संपला की सगळं सोडून परत भरायचं, आणि उद्या जे आधी लागणार ते सगळ्यात शेवटी चढवायचं. हा क्रम चुकला की पुढच्या गावी सगळा टेम्पो रिकामा केल्याशिवाय एक फ्लॅट हाती लागत नाही.

‘तो मी नव्हेच’ 1962 साली आलं. खटल्यात उभा असलेला, वेशामागून वेश बदलणारा पणशीकरांचा लखोबा सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या नाटकातला फिरता रंगमंच क्षणभर आधी फिरला असता, तर लखोबा अर्ध्या वेशातच सापडला असता. खटला तिथंच निकाली!

हे काम शिकायचं कुठं? कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’चे पडदे त्यांच्या हातचे. पुढं त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तिथं दामले, फत्तेलाल, शांताराम पडेल ते काम करत तयार झाले आणि 1929 मध्ये त्यांनी ‘प्रभात’ उभी केली. ती खरी उमेदवारी. पण तिचा कागद कुणाला मिळाला नाही. शांतारामबापूंचं कागदावाचून अडलं नाही. आमच्या दोरी ओढणाऱ्याचं अडतं. बँकेत कर्ज मागायला गेला की साहेब विचारतात, ‘तुम्ही नक्की करता काय?’

असा कागद देणारा कायदा आहे. 1961 चा शिकाऊ उमेदवारी अधिनियम. आयटीआय झालेला वायरमन कारखान्यात शिकतो, विद्यावेतन घेतो, शेवटी प्रमाणपत्रही घेतो. मात्र उमेदवार घेण्याची सक्ती आहे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला. नाटक कंपनीत तेवढी माणसं असतात कुठं? असतात ती नाइटवर. प्रयोग झाला तर पैसे, नाही तर हरी हरी. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहांना कुलपं लागली, तेव्हा हे नाइटवालेच आधी रस्त्यावर आले.

म्हणून निर्मात्यांच्या मागं लागण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. संभाजीनगरचं संत एकनाथ रंगमंदिर, नांदेडचं शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह, ही महापालिकांची आहेत. महापालिकेला माणसांची काय कमी? प्रत्येक नाट्यगृहात प्रकाश, ध्वनी आणि रंगमंच मिळून दोन-चार उमेदवार वर्षभर घ्यावेत. दिव्यांच्या डिमरवर बसवावं, पुलीची दोरी तपासायला लावावी, जड फ्लॅट पाठ न मोडता कसा उचलायचा ते शिकवावं. आपल्या सेनगाव तालुक्यातल्या सुताराच्या पोराला किंवा वायरमनच्या पोरीला हे जमणार नाही, असं मला तरी वाटत नाही. हिंगोलीच्या दसऱ्याला एवढा मोठा रावण उभा राहतो, तो काय आपोआप राहतो?

आता बक्षिसांकडं येतो. यादी माझ्या हातात आहे. उत्कृष्ट अभिनय आहे, नृत्य आहे, वेशभूषाही आहे. सर, पेन द्या जरा. त्या दोन पोरांची नावं काय? ती आधी लिहू, मग वाटायला सुरुवात करू.