मिरची लहान का राहते?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन शब्द बोला असं मला सांगितलं, तेव्हा कमिटीला वाटलं असेल की मी पहिल्या सर्वसाधारण सभेपासूनचा इतिहास सांगेन. तो स्मरणिकेत सेक्रेटरींनी लिहिलाच आहे. मी बोलणार आहे मिरचीवर. हसू नका. आज आपल्या निम्म्या घरांच्या कुंड्या गच्चीवर आहेत, आणि जिना चढताना कुणी ना कुणी मला विचारतंच, "काका, मिरच्या लागतात पण मोठ्याच होत नाहीत. काय घालू?"

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा चुकीचं दिलं होतं. त्यात एका घराचं मोठं नुकसान झालं. ते आज सगळ्यांसमोर सांगून टाकतो.

बी विंगमधल्या वहिनी तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. त्यांच्या आई दरवर्षी परसातल्या मिरचीचं बी राखेत घोळून पुरचुंडीत बांधून ठेवायच्या. बोटभर लांब, पातळ सालीची, तिखटजाळ मिरची. आई गेल्या, घर बंद झालं, आणि शेवटची पुरचुंडी वहिनींकडे आली. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्यांनी ते सगळं बी टाकलं. पाच रोपं जगली. मे महिन्यात फुलं गळायला लागली आणि ज्या मिरच्या धरल्या त्या करंगळीच्या पेराएवढ्याच राहिल्या. वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही बँकेत असताना शेतकऱ्यांना पीककर्ज देत होता ना? तुम्हीच सांगा."

आता मी कर्ज दिलं होतं, मिरची लावली नव्हती. पण विचारलं म्हटल्यावर गप्प कसा बसणार? म्हणालो, खाऊ कमी पडतंय, युरिया घाला. आणि स्वतःच गच्चीवर जाऊन कुंडीला एक मूठ याप्रमाणे घातला, वर दोन्ही वेळ भरपूर पाणी. चार कुंड्या झाल्या, तेवढ्यात आमची सौ. वर आली. म्हणाली, "अहो, ती पाचवी राहू द्या. आधी या चारांचं काय होतं ते बघा."

आठवड्याच्या आत चारही रोपं पानांच्या कडांपासून करपली आणि वाळून गेली. वहिनी मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

युरियात शंभरात ४६ भाग नत्र असतं. शेतात ते एकरभर जमिनीत पसरतं. लहानशा कुंडीत एक मूठ म्हणजे मुळांना चटकाच. आणि थोडं कमी घातलं असतं तरी काय झालं असतं? नत्रानं पाला वाढतो. झाड हिरवंगार, डेरेदार दिसतं, पण फूल-फळ मागं पडतं. बँकेत खातं आजारी पडलं की आधी जागेवर जाऊन तपासणी, मग नव्या कर्जाचा विचार, हे मी तीस वर्षं हाताखालच्यांना शिकवलं. मिरचीच्या बाबतीत मात्र तपासणी न करता कर्ज वाटून बसलो.

त्या पाचव्या रोपासाठी मग मी शिकायला बसलो. वाचलं, मळा करणाऱ्या जुन्या खातेदारांना फोन केले. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. 'फुले ज्योती' आणि 'अग्निरेखा' हे मिरचीचे वाण तिथलेच. बाभळेश्वरला आणि दहिगाव-ने इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. एवढं घराजवळ असून मी आयुष्यभर त्यांच्यावरून फक्त जात होतो. जे समजलं ते क्रमानं सांगतो. बहिणींनो, हवं तर लिहून घ्या.

पहिला प्रश्न, वाण कोणता? लवंगी मिरची जातीनंच लहान. तिला कितीही खाऊ घातलं तरी ती ज्वालाएवढी होणार नाही. रोप आणताना नाव विचारा.

दुसरं, एक लहान मिरची तोडून उभी चिरा. आत बी मोजकंच असेल तर परागीकरण नीट झालेलं नाही. जितकं बी कमी धरतं, तितकं फळ लहान आणि वाकडं राहतं. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, पण त्याला वाऱ्याचा किंवा माशीचा हलकासा धक्का लागतो. बंद गॅलरीत तो मिळत नाही. सकाळी फुलं आलेली फांदी बोटानं हळूच हलवा. आणि ऊन ३५ अंशांच्या वर गेलं की फुलं गळतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो, त्यात गच्चीचा स्लॅब तापतो. तेव्हा दुपारी हिरवी जाळी धरा आणि वाट बघा. खतानं ऊन कमी होत नाही.

तिसरं, आत बी भरपूर आहे आणि तरी फळ लहान, तर कुंडी बघा. वहिनींची रोपं आईस्क्रीमच्या डब्यात होती. मिरचीला निदान बारा इंच रुंद आणि तेवढीच खोल कुंडी हवी. रंगाची वीस लिटरची बादली स्वच्छ धुऊन, तळाला भोकं पाडून छान चालते. नुसती काळी माती भरू नका, ती पाण्यानं घट्ट बसते. माती, मुरलेलं शेणखत आणि कोकोपीट सारखं घ्या. रोज सहा तास ऊन मिळालं पाहिजे. सावलीतलं झाड उंच होतं, फळत नाही.

चौथं, पाणी. हे आपल्या सोसायटीचं खास दुखणं. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो ना? तो बोअरच्या पाण्यातला क्षार. तो साठत जातो, मग मातीत ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. मुळा धरणाचं नळाचं पाणी किंवा पावसाचं साठवलेलं पाणी झाडांना द्या. बोअरचंच द्यावं लागलं तर महिन्यातून एकदा तळातून वाहीपर्यंत गोडं पाणी घालून क्षार धुऊन काढा. कुंड्या विटांवर ठेवा, म्हणजे खालच्या मजल्यावरून गळतीचा अर्ज येणार नाही. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी घाला. एक दिवस पूर आणि चार दिवस दुष्काळ असं केलं की फळाचं टोक काळं पडतं.

पाचवं, पानं बघा. कडा वर वळून वाटीसारख्या झाल्या तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी. पानं गोळा होऊन झाड खुरटलं तर चुरडामुरडा. त्याचा विषाणू पांढरी माशी पसरवते, त्यावर औषध नाही, ते झाड उपटून टाका. बाकीच्यांसाठी लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा.

सहावं, झाडावरचा बोजा. लाल मिरच्या तशाच झाडावर ठेवल्या की नव्या मिरच्या बारीक येतात. हिरव्या असतानाच तोडत राहा. फळझाडांचंही तेच. आपल्याकडे राहात्याला पेरू आणि श्रीगोंद्याला लिंबू. तिथल्या बागायतदाराला विचारा, एका फांदीला दाटीनं फळं धरली तर सगळी लहान राहतात. पेरू सुपारीएवढा असताना दाटीतली काही फळं काढून टाका. हात जड होतो, पण उरलेली भरतात.

खताचा नंबर सगळ्यात शेवटी. महिन्यातून एकदा दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत, बस.

पाचव्या रोपाला आम्ही बादलीत हलवलं, जाळी बांधली, बोअरचं पाणी बंद केलं. जूनमध्ये पाऊस पडला. ऑगस्टमध्ये वहिनी आमच्या दारात आल्या. हातात एकच मिरची, बोटभर लांब. म्हणाल्या, "भाऊजी, आईच्या परसातली अशीच असायची."

पुढचं काम बियांचं होतं. शेजारी दुसऱ्याची भोपळी मिरची होती. माशीनं तिचा पराग आणला तर पुढच्या पिढीत वाण बदलतो. म्हणून वहिनींनी कळ्या उमलायच्या आधीच त्यांवर मलमलच्या पिशव्या बांधल्या, मिरच्या झाडावरच पूर्ण लाल होऊ दिल्या, सावलीत वाळवल्या. गेल्या दोन वर्षांत तेच बी सात घरांत गेलं. एका घरात करपलं तरी सहा घरांत राहील. हा धडा मला सत्तरी ओलांडल्यावर मिळाला, आणि तोही दुसऱ्याच्या नुकसानीतून.

आज हॉलच्या दाराशी वहिनी कागदी पुड्या घेऊन बसल्या आहेत. एका पुडीत दहा बिया आहेत. जाताना घरटी एक घेऊन जा. एकच अट आहे. पुढच्या वर्षी दहा बिया परत आणून द्यायच्या. याला व्याज नाही, पण हप्ता चुकवायचा नाही.

आणि युरिया विचारायला माझ्याकडे येऊ नका.