कारखाना बांधावा की विकत घ्यावा?



व्याख्यानमालेत बहुधा साहित्य, धर्म, इतिहास असे विषय येतात. आम्ही आज कारखान्याचा विषय घेऊन उभे आहोत, आणि तोही लहानशा कारखान्याचा. धानाच्या गिरणीचा शाफ्ट सरळ करावा, ट्रॅक्टरची ट्रॉली जोडावी, पंप दुरुस्त करावा, एवढ्या कामाचा जो कारखाना दहाबारा कारागीर मिळून काढू शकतात, तो आमच्या डोळ्यांपुढे आहे. आपल्या झाडीपट्टीत असे कारागीर पुष्कळ. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेडमध्ये राबून चार पैसे गाठीला बांधतात आणि आम्हाला विचारतात, "भाऊ, नवी शेड बांधावी, का बंद पडलेली घेऊन टाकावी?"

हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. आमच्या मते तो अर्धाच हिशेबाचा आहे. उरलेला अर्धा माणसांचा, आणि तो जे विसरतात त्यांचा हिशेबही चुकतो.

याचे उदाहरण आपल्या नागपूरशीच जोडलेले आहे. जमशेटजी टाटांनी हे दोन्ही मार्ग चालून पाहिले. १८६९ साली त्यांनी मुंबईत चिंचपोकळीची डबघाईला आलेली तेलाची गिरणी विकत घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोनेक वर्षांत नफ्याने विकून टाकली. पुढे नागपुरास त्यांनी नवी गिरणी बांधली. कापूस जवळ होता, रेल्वे आली होती आणि कोळसा आपल्या चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याचा मिळणार होता. जागा मात्र दलदलीची. ती भरून काढताना पाहणारे म्हणत, हा मनुष्य जमिनीत सोने पुरतो आहे. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. नव्या बांधणीतही सारे सुरळीत झाले असे नव्हे; पहिली यंत्रे हलकी ठरली आणि बदलावी लागली. पण जागा योग्य होती आणि कामाला बसलेली माणसे हळूहळू तयार झाली.

मग १८८६ साली कुर्ल्याची धरमसी मिल विक्रीस निघाली. सुमारे पंचावन्न लाख खर्चून उभी केलेली गिरणी साडेबारा लाखांत मिळाली. आपल्यापैकी कोणीही म्हणेल, केवढा स्वस्त सौदा! पण आत जुनाट यंत्रे निघाली, मालाला लौकिक नव्हता, आणि ती 'स्वदेशी मिल' म्हणून उभी करताना जमशेटजींना स्वतःची पुंजी पणाला लावावी लागली. शेवटी नागपुरातून जाणती माणसे बोलावून घ्यावी लागली. म्हणजे नव्या गिरणीत तयार झालेल्या माणसांनी जुनी गिरणी वाचवली. विटा आणि यंत्रे साडेबारा लाखांत आली होती. माणसे त्या किमतीत आलेली नव्हती.

दुसरे उदाहरण आमच्या चळवळीतले. कुर्ल्याचाच कमानी ट्यूब्स हा कारखाना बंद पडला, तेव्हा तेथील कामगारांनीच तो चालवायला घेण्याचे ठरवले. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सहकारी संस्थेची योजना मान्य केली आणि कारखाना पुन्हा सुरू झाला. येथे घेणारेच कारागीर होते. कोणते यंत्र कोठे अडते हे त्यांना तोंडपाठ होते. पुढे काही वर्षांनी तो कारखाना पुन्हा अडचणीत आला, हेही सांगितले पाहिजे. जाणती माणसे मिळाली म्हणजे सर्व मिळाले, असे कोणी समजू नये.

आता आपल्याकडे वळू. बंद शेड पाहायला जाल तेव्हा रंगावर जाऊ नका. लेथ चालू करायला लावा, एक सरळ सळई बांधून वीतभर हलका काप घ्या आणि दोन्ही टोकांची मापे घ्या. माप जुळत नसेल तर लेथचा बेड झिजला आहे असा संशय धरा. सातबाऱ्यावर कोणत्या बँकेचा बोजा आहे, वीजबिल किती थकले आहे, कर भरला आहे की नाही, हे कागद स्वतः पाहा. नवी बांधणार असाल तर जमिनीचे कागद, विजेची जोडणी आणि मृगापूर्वी छप्पर, या तिन्हींना लागणारे महिने मोजा. त्या महिन्यांत दहा घरांची चूल कशावर पेटणार तेही मोजा.

एवढे झाल्यावर एक प्रश्न विचारा, जो सहसा कोणी विचारत नाही: येथे काम करणारी माणसे कोठे गेली, आणि त्यांचा पगार मिळाला का? बंद कारखाना स्वस्त मिळतो, तेव्हा ती सवलत पुष्कळदा जुन्या मालकाच्या खिशातून आलेली नसते. ती थकलेल्या पगारातून, न भरलेल्या भविष्य निर्वाह निधीतून आणि बुडालेल्या ग्रॅच्युइटीतून आलेली असते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे तरतूद झाली होती, की कारखाना दुसऱ्याकडे गेला तर वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला भरपाई मिळावी, किंवा नव्या मालकाने त्याची जुनी नोकरी सलग धरून त्याला ठेवून घ्यावे. २०२० च्या संहितेतही ते तत्त्व राहिले आहे. पण लहान शेडमध्ये हजेरीपटच नसतो. मग कायदा कोणाच्या नावाने शोधायचा?

आमचे कारागीर यावर म्हणतात, "जुन्या मालकाचे पाप आम्ही का फेडावे?" बरोबर आहे. तुम्ही फेडू नका. पण त्याला फेडायला लावणे खरेदीखतावर सही होईपर्यंतच तुमच्या हातात आहे. थकबाकीची यादी करा, तेवढी रक्कम किमतीतून बाजूला काढा, ती त्या माणसांच्या हाती पडल्यावरच व्यवहार पुरा करा. ज्यांचे देणे असे चुकते झाले, त्यांतला जाणता मिस्त्री तुमच्याकडे आनंदाने येईल, आणि कोणते यंत्र घ्यावे, कोणते भंगारात काढावे हे तोच सांगेल.

तेव्हा आमचे उत्तर असे. जुनी माणसे बरोबर येत असतील आणि त्यांचे देणे मिटत असेल, तर यंत्रे थोडी झिजलेली असली तरी विकत घ्या. नुसत्या भिंती आणि गंजलेले पत्रे मिळत असतील, तर दोन पावसाळे थांबा, पण नवे बांधा. आणि बांधले काय, घेतले काय, पहिल्या दिवसापासून हजेरीपट ठेवा. काल मजूर असलेला माणूस आज मालक होतो, तेव्हा दुसऱ्याच्या पगाराकडे तो कसा पाहतो, यावरून त्याचा कारखाना टिकेल की नाही हे गाव ओळखते.