गाण्यातला ‘मी’ कोण?

(वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा सारांश)



समितीने मला ‘भीमगीते आणि आपली ओळख’ हा विषय दिला. मी गायक नाही, अभ्यासकही नाही. नोकरीत आयुष्य गेलं. पण गाणी ऐकत वाढलो, म्हणून दोन शब्द बोलतो.

पूर्वी गावात ‘तू कोण?’ असं विचारलं की उत्तर एकच असे, जात. तेही आपण द्यायचं नाही, समोरच्याने आधीच ठरवलेलं. हे उत्तर बाबासाहेबांनी बदललं आणि शाहिरांनी ते वस्तीवस्तीत पोहोचवलं. भीमराव कर्डकांच्या जलशाला अक्षरओळख नसलेला माणूसही बसायचा आणि गाणं गुणगुणत घरी जायचा. आमच्या आया-बहिणींनी तर जात्यावर स्वतःच ओव्या रचल्या. बाबासाहेबांना त्यांनी आपल्या नात्यात घेतलं.

वामनदादा कर्डकांचंच पाहा. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्म. शाळा नशिबी नाही. मुंबईत कुणीतरी त्यांच्यापुढे पत्र धरलं, ‘वाचून दाखवा’ म्हणून. वाचता येईना. ते मनाला फार लागलं. मग बाराखडी शिकले. दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं गिरवली. २००४ साली ते गेले, तेव्हा मागे गीतांचं भांडार होतं. पत्र वाचता न येणारा हाच माणूस समाजाचा महाकवी झाला!

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर गाणंही बदललं. काय नाकारलं गेलं, हे ते सांगत होतंच. आता आपण कोण झालो, हेही सांगू लागलं. कुणी विचारेल, बुद्धाने अनात्म शिकवलं, मग गाण्यात एवढा ‘मी’ कशाला? बंधूंनो, एकजण गातो आणि मागे सगळी वस्ती ध्रुवपद उचलते, तेव्हा त्या ‘मी’त अहंकार उरतो कुठे? तो ‘मी’ म्हणजे ‘आम्ही’ असतो.

आता माझी गोष्ट सांगतो. बदलीच्या गावी भाड्याची खोली घेतली. घरमालकांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. संध्याकाळी टेपरेकॉर्डरवर भीमगीतांची कॅसेट लावली आणि उठून आवाज बारीक केला, खिडकी लावली. कुणी काही बोललं नव्हतं बरं का! आई म्हणाली, “आवाज का रे कमी केलास? शेजारी कुणी आजारी हाय का?”

मला उत्तर देता आलं नाही. आजारी मीच होतो. शिकलो, पगार घेतला, आणि अडाणी आईजवळ होतं ते धैर्य मात्र हरवून बसलो. मी उठलो, खिडकी उघडली.

आज मुलांच्या मोबाईलमध्ये हजार गाणी आहेत. जयंतीला मोठमोठे स्पीकर लागतात. पण एरवी, ऑफिसात, सोसायटीत आपण ती खिडकी लावतो की उघडतो, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं.

एक विनंती करतो. घरातल्या म्हाताऱ्या आजीजवळ बसा. तिच्या ओव्या वहीत उतरवून घ्या आणि पुढच्या वर्धापन दिनी इथे म्हणा. तिच्याबरोबर त्या गेल्या, तर आपण कोण हे सांगणारं माणूस घरात उरणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!