चाकांवरचे घर आणि त्याच्या खोडी



या व्यासपीठावर वसंत ऋतूत मोठमोठे विषय येऊन जातात. आमचा विषय त्या मानाने बुटका आहे. त्याची आतली उंची सहा फूट दोन इंच, लांबी सोळा फूट, रुंदी सात फूट, आणि खाली दोन चाके. जीपच्या मागे जोडून ओढावयाचे हे घर. त्याला कोणी ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, कोणी कॅरव्हान म्हणतात. रिहे गावची मंडळी त्याला 'डबा' म्हणतात, आणि दीड वर्ष त्यात काढल्यावर आम्हां दोघांनाही तोच शब्द सर्वांत खरा वाटू लागला आहे.

हा आमचा शौक नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. पेठेतील आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करून द्यावयाची होती. साठी उलटल्यावर भाड्याच्या घरासाठी जिने चढत हिंडणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पुतण्याची रिह्यास थोडी जमीन होती. तेथे पाया खणून घर बांधण्याइतकी आमची ऐपतही नव्हती आणि इच्छाही नव्हती. तेव्हा २०२३ च्या दिवाळीनंतर भविष्यनिर्वाह निधीतली शिल्लक मोडून आम्ही हे चाकांवरचे घर घेतले. हे घर फसले असते तर दुसरे घेण्यास आमच्यापाशी काही नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे म्हणजे पुढच्या गोष्टींत आमचा जीव इतका का गुंतला होता ते कळेल.

हौसेसाठी बांधलेली पहिली कॅरव्हान म्हणून १८८५ सालच्या 'वाँडरर'चे नाव घेतात. ब्रिटिश आरमारातले निवृत्त शल्यवैद्य विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ती ब्रिस्टॉलच्या कारखान्यात बांधवून घेतली. दोन घोडे ती ओढीत, नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा करी, आणि हे गृहस्थ त्यातून थेट स्कॉटलंडात इन्व्हर्नेसपर्यंत गेले. आपल्याकडे २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. परंतु बिऱ्हाड गाडीवर घालून हिंडणारी माणसे या देशात स्टेबल्ससाहेबांची किंवा शासनाची वाट पाहत बसली नव्हती. लमाणांचे तांडे होते, गाडिया लोहार होते. आणि आजही दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडची हजारो कुटुंबे बिऱ्हाडासकट पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे येतात. त्यांच्यातल्या एकाने आम्हांस या विद्येचा पहिला धडा दिला.

रिहे हे मुळशी तालुक्यातले गाव. पुण्याहून भूगाव, भुकूम करीत पिरंगुटचा घाट उतरावयाचा, घोटावडे फाट्याला उजवीकडे वळून घोटावडे गाठावयाचे, आणि पुढे रिहे. आजूबाजूच्या त्या साऱ्या मुलखाला रिहे खोरेच म्हणतात. मुख्य पीक भाताचे, मधूनमधून ऊस. पुतण्याच्या जीपला घर जोडून आम्ही निघालो ते भुकूमपर्यंत ठीक आलो. घाट उतरू लागताच मात्र घराने शेपूट हलवावयास आरंभ केला. प्रथम हळू, मग जोराने. घर डावीकडे झुकले की जीप उजवीकडे ओढली जाई. पुतण्या शहाणा, त्याने एकदम ब्रेक दाबला नाही, हळूहळू वेग उतरवला. आमच्या तोंडचे पाणी पळाले ते मात्र पिरंगुटचा बाजार येईतो परत आले नाही. रस्त्याचा दोष, वाऱ्याचा दोष, टायरचा दोष, असे सर्व दोष काढून झाले. खाली वाकून पाहता चाकाचे दोन नट सैल निघाले. नव्या चाकाचे नट पहिल्या शंभरएक किलोमीटरनंतर पुन्हा आवळावयाचे असतात, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशी समजली. नट आवळले. तरी घोटावड्यापर्यंत शेपूट हलतच राहिले.

शेजारच्या शिवारात ऊसतोडणी चालू होती. टोळीतला एक वयस्क गाडीवान संध्याकाळी आमचा डबा पाहावयास आला. त्याने दारातून आत डोकावलेसुद्धा नाही. सरळ पुढे गेला, जेथे घर जीपला अडकते त्या आकड्याखाली हात घातला आणि एका हाताने आकडा वर उचलला.

"सायब, ही उलाळ भरलीया तुमी," तो म्हणाला. "पानी कुटं ठिवलंय?"

पाण्याची टाकी अगदी मागे होती. शंभर लिटरची, काठोकाठ भरलेली. आणि तिच्यावर आमच्या पुस्तकांच्या पेट्या, त्यांत मराठी विश्वकोशाचे वीस खंड.

श्रोतेहो, बैलगाडी ज्यांनी हाकली आहे त्यांना हे सांगावयास नको. गाडीचा भार मागे गेला की गाडी उलाळ होते, धुरी वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून निसटू पाहते. भार पुढे फार झाला की ती धुरजड होते आणि बैलांची मान दबते. ट्रेलरच्या पुस्तकांत याविषयी आकृत्यांसह प्रकरणे असतात. एकूण वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा आकड्यावर पडावा, असा त्यांचा निष्कर्ष असतो. आपल्या भाषेत त्या सबंध प्रकरणाला दोन शब्द कधीचे तयार होते, आणि आम्ही ते पेठेत राहून विसरलो होतो. वजनकाट्यावर घर भरले साडेअकराशे किलो. आकड्याखाली आमचा न्हाणीघरातला काटा ठेवून पाहिले, तो दाखवी अडतीस! टाकी रिकामी केली, विश्वकोश मागून पुढे आणला, धान्याचे डबे पुढच्या बाकाखाली घातले. काटा एकशेपाचावर आला. त्यानंतर पौडपर्यंत जाऊन आलो; घर गाईसारखे मागून आले.

त्या गाडीवानाच्या बिऱ्हाडाविषयी एक शब्द बोलतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत तोडीत राहावयाचे. राहावयास पाचटाची आणि प्लॅस्टिकची कोपी. आमच्या घराचे कपाट उघडे राहिले तर आम्ही कारखानदाराला दूरध्वनी करीत होतो. त्याच्या कोपीत रात्री दव गळे, तेव्हा दूरध्वनी करावयास कोणी नव्हते. हे आम्हांस फार उशिरा सुचले, याची लाज वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. घर आले त्याच आठवड्यात आम्ही एक यादी केली. नव्या वस्तूतले दोष शोधणे हा आमच्या पेठेचा स्वभावच आहे. यादीत सत्तावीस कलमे झाली. पहिले कलम, स्वयंपाकाचा खण आपोआप उघडतो. दुसरे, पडद्याच्या कड्या गंजल्या. तिसरे, दिवा वाचण्याच्या जागी नाही. अशी ती उतरत जाते, आणि एकोणिसाव्या क्रमांकावर आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेले आहे : 'गॅसच्या कपाटाला तळाशी भोक नाही.' आम्ही ते कोठेतरी वाचले होते म्हणून लिहिले, इतकेच. कारखानदाराला यादी पाठविली. सर्व दोष किरकोळ आहेत, पावसाळ्याआधी माणूस पाठवतो, असे उत्तर आले. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. किरकोळ हा शब्द त्याच्याइतकाच आमचाही होता; नाहीतर ते कलम एकोणिसावे कसे झाले असते?

जानेवारीतली पहाट. रिहे खोऱ्यात थंडी बरी पडते. खिडक्या गच्च लावलेल्या, दार लावलेले. आमच्यापैकी एकास सर्दी झाली होती. कोणास ते सांगत नाही, परंतु आमच्या घरी पहाटेचा चहा कोण करतो हे पेठेतील मंडळींना माहीत आहे. त्याने लायटर हातात घेतला. खालच्या बिछान्यावर निजलेल्या व्यक्तीने मान उचलली आणि म्हटले, "अहो, थांबा. वास येतोय."

उभ्या माणसाला वास नव्हता, निजलेल्याला होता. याचे कारण सर्दी हे एक. खरे कारण दुसरे. सिलिंडरमधला गॅस हवेहून दीड ते दोन पट जड असतो. तो धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. हवेत तो सुमारे दोन टक्के मिसळला की ठिणगी पुरे. घरात त्याला उंबऱ्याखालून वाट मिळते. आमचा डबा तळाशी पाण्याच्या टाकीइतका बंद होता. रस्त्यावरच्या धक्क्यांनी रेग्युलेटरजवळचा नळीचा सांधा सैल झाला होता आणि रात्रभर गॅस आमच्या घोट्यापर्यंत भरत आला होता.

आम्ही दिव्याचे बटण दाबले नाही. अंधारात सिलिंडर बंद केला, दार उघडले, खिडक्या उघडल्या, आणि मग आम्ही दोघांनी चादरीची दोन टोके धरून जमिनीलगत गॅस दाराबाहेर लोटला, जसे अंगणातले पाणी खराट्याने लोटावे तसे. बाहेर येऊन बांधावर बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. उजाडल्यावर आमच्यापैकी एकजण म्हणाला, "चहा ऊसतोडीवाल्यांकडे मिळेल." आणि तेथे मिळाला.

त्याच दिवशी कारखानदाराच्या माणसाची वाट न पाहता पिरंगुटहून मिस्त्री आणला. कपाटाच्या तळाला तळहाताएवढे भोक पाडले, उंदीर येऊ नये म्हणून त्यास जाळी मारली, कपाट आणि खोली यांच्यामधल्या फटी बुजविल्या, नळी बदलली. सांध्यावर साबणाचे पाणी लावून पाहिले. बुडबुडा आला नाही. आजही घर जागचे हलविले की प्रथम साबणाचे पाणी, मग चहा.

आणि यादी फाडली. नवी केली ती अशी की, जे जाळील ते आधी, जे उलटवील ते त्यानंतर, जे भिजवील ते तिसरे, आणि जे नुसते चिडवील ते सर्वांत शेवटी. स्वयंपाकाचा खण पहिल्याचा सत्ताविसावा झाला.

भिजविणाऱ्यांत छप्पर. जुलैत मुळशीचा पाऊस आला, आडवा. पलंगावर पाणी ठिबकू लागले. आम्ही पलंगाच्या वरचा सांधा सिलिकॉनने भरला, गळती थांबेना. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन चिकटत नाही, हे आणखी एक ज्ञान. पाणी जेथे शिरते तेथे दिसत नाही. छताच्या पत्र्याखालून वाट काढीत ते सहा फुटांवर प्रगट होते. अखेर साबणाचेच पाणी कामास आले. उघडीप पाहून एका खिडकीत पंखा आत वारा घालील असा बसविला, बाकी सर्व बंद केले, आणि छतावर साबण फासला. आतली हवा जेथून बाहेर पडे तेथे बुडबुडे. पुढच्या झरोक्याभोवती चार ठिकाणी सापडले.

ते बुजविले; तरी शेजारचे एक शेतकरी आप्पा हसले. ते म्हणाले, कौलाला कोण डिंक लावतो? कौल कौलावर चढते आणि छपराला उतार असतो, म्हणून घर गळत नाही. आमच्या छतास उतारच नव्हता. पाणी बिचारे जाणार कोठे? मग पुढचा जॅक फिरवून आम्ही घराचे नाक दोन बोटे खाली केले. छत कोरडे झाले. मात्र न्हाणीची मोरी मागच्या बाजूस असल्यामुळे अंघोळीचे पाणी आता पुढे तुंबते आणि ते हाताने लोटावे लागते. एक खोड काढली की तिची बहीण येते.

ओल बाहेरूनच येते असेही नाही. बंद डब्यात दोन माणसे निजली की त्यांच्या श्वासातली वाफ थंड भिंतींवर जमते. सकाळी पत्रा रडल्यासारखा दिसे. चंद्रावरून आलेल्या तिघा अंतराळवीरांना १९६९ साली प्रथम एअरस्ट्रीम कंपनीच्या ट्रेलरपासून तयार केलेल्या घरातच कोंडून ठेवले होते. आतली हवा बाहेर पडू नये म्हणून त्यात दाब कमी राखीत. त्यांच्याकडे हवा खेळती ठेवणारी यंत्रे होती. आम्ही रात्री दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवतो. थंडी वाजते, गोधडी घेतो.

बाकीच्या खोडी झटपट सांगतो. मुंग्या जॅकच्या पायांवरून चढत. पायांखाली पाण्याच्या ताटल्या ठेवल्या. उंदरांनी एक तार कुरतडली. तारा लोखंडी नळीत घातल्या. दार पावसात फुगले ते रंधून काढले, उन्हाळ्यात आकसल्यावर त्याला फट पडली, तेव्हा रंधा घाईने लावू नये. टायर एका जागी उभे राहून उन्हाने तडकतात. त्यांना गोणपाट बांधले आहे.

पेठेतील इमारत तिसऱ्या मजल्यापर्यंत वर आली आहे असे कळते. या हंगामात तो गाडीवान आला नाही, शिवारात दुसरी टोळी होती. सत्तावीस कलमांपैकी दोन शिल्लक आहेत. एक झरोक्याजवळचा कोपरा, जो अजून कोठून भिजतो ते सापडलेले नाही. आणि दुसरा तो खण; आज येथे यावयास निघालो तेव्हा तो उघडाच होता.